मकरपुऱ्यातली जुनी मिलिंग मशीन

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) काकांच्या वर्कशॉपमधली धातू कापणारी जुनी मिलिंग मशीन आज पुन्हा चालली! लोखंड ठणठणीत, पण तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, म्हणजे कंट्रोलर, मेलेला आणि त्याचे बोर्ड आता मिळतच नाहीत. काका भंगारात द्यायला निघाले होते.

आम्ही साध्या पीसीवर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात याची सुरुवात झाली. आता जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. सोर्स कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा.

सगळ्यात नाजूक भाग वेळेचा. मोटरला पुढे सरकवणारी विजेची पल्स ठरल्या क्षणी गेली नाही तर मोटर स्टेप चुकते आणि जॉब (कापायला लावलेला तुकडा) वाया. म्हणून रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा लिनक्सचा गाभा) लागतो, आणि आधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसीला किती उशीर होतो ते मोजणं. पीसीच्या बायोसमधली (मूळ सेटअपमधली) वीज वाचवणारी सेटिंग्ज बंद केल्यावर आमचे उशिराचे आकडे झपकन खाली आले. (इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका. त्याने रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) थेट मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हची पॉवर तोडलीच पाहिजे.)

काकांचे मशीनला हालचाली सांगणारे जुने जी-कोड प्रोग्राम किरकोळ बदलांनी चालले. "म्हणजे आता बिघडलं तर आपणच बघायचं?" काकांनी विचारलं. हो काका, आपणच!

आता लेथची पाळी. कुणाकडे स्पिंडलचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) पडून असेल तर कळवा, थ्रेडिंगला (आटे पाडायला) लागेल.