एर्बियमच्या हिरव्या प्रकाशाने तापमान मोजताना: माझा अनुभव

पीएच.डी.च्या कामासाठी नागपुरात मी यिट्रियम ऑक्साइडमध्ये एर्बियम आणि यिटर्बियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिसळून एक फॉस्फर, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणारी भुकटी, तयार केला आणि त्याच्या प्रकाशावरून तापमान कितपत खात्रीने सांगता येते हे तपासले. ९८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर पडला की यिटर्बियम ऊर्जा शोषून ती एर्बियमला देतो आणि भुकटी हिरवी उजळते. हा हिरवा प्रकाश दोन जवळच्या ऊर्जापातळ्यांमधून येतो. त्यांच्यातले अंतर सुमारे ७५० प्रति सेंटीमीटर (वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक), म्हणजे इतके कमी की नुसत्या उष्णतेने एर्बियमचे आयन (विद्युतभारित अणू) खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जातात. त्यामुळे तापमान वाढले की ५२५ नॅनोमीटरजवळचा पट्टा ५५० जवळच्या पट्ट्याच्या तुलनेत बळावतो, आणि मोजायचे असते ते या दोन पट्ट्यांचे गुणोत्तर.

फॉस्फर बनवण्याचे काम त्या मानाने सरळ होते. १९८८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील किंग्सले आणि पाटील यांनी मांडलेली युरिया-ज्वलनाची पद्धत मी वापरली. ऑक्साइडे नायट्रिक आम्लात विरघळवायची, एक मोल नायट्रेटला अडीच मोल या हिशेबाने युरिया घालायचा आणि द्रावण ५०० अंश सेल्सियसच्या मफल फर्नेसमध्ये (बंदिस्त विद्युत भट्टीत) ठेवायचे. ते उकळते, घट्ट होते, तपकिरी धूर सुटतो, मग ते एकदम फुगून पेट घेते आणि मागे पांढरी, बोट लावताच चुरणारी जाळी उरते. तिच्यात राहिलेले हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट गट प्रकाश मंद करतात, म्हणून खलात घोटून ती पुन्हा उच्च तापमानाला तापवणे आवश्यक असते.

खरा वेळ गेला तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे कोणते गुणोत्तर कोणत्या तापमानाचे हे ठरवण्यात. गुणोत्तर घेतल्यामुळे लेसर किंचित कमीजास्त झाला किंवा भुकटीचा थर पातळ असला तरी बिघडत नाही, असे सर्वत्र लिहिलेले असते. ते खरेही आहे, पण लेसर स्वतःच भुकटीला तापवतो ही बाब त्यात झाकली जाते. थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी) भुकटीखालच्या तापपट्टीचे तापमान दाखवतो, तर प्रकाश येतो तो लेसरच्या ठिपक्याखालच्या कणांमधून, आणि सैल भुकटीतून उष्णता सहज निघून जात नाही. म्हणून तापपट्टी स्थिर ठेवून मी लेसरची शक्ती टप्प्याटप्प्याने उतरवली, प्रत्येक शक्तीला गुणोत्तर नोंदले आणि आलेखावरची रेषा शून्य शक्तीपर्यंत मागे वाढवली. तिथे मिळणारे गुणोत्तरच थर्मोकपलच्या आकड्याशी जोडायचे, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. शक्ती कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा झाला: जास्त शक्तीला एर्बियमच्या वरच्या पातळीतून निघणारा प्रकाश हिरव्या पट्ट्यातच मिसळतो आणि गुणोत्तर बिघडवतो.

आरंभीचे तापमानही गृहीत धरून चालत नव्हते. शोधनिबंधांतले ‘खोलीचे तापमान’ बहुधा ३०० केल्विन असते. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या नागपूरच्या खोलीत ते सहज ३१३ होते. ३०० केल्विनला या दोन पट्ट्यांच्या जोडीची सापेक्ष संवेदनशीलता, म्हणजे गुणोत्तरातला बदल, दर केल्विनला सुमारे १.२ टक्के येते, म्हणजे एवढ्या फरकाने गुणोत्तर १५ टक्क्यांच्या आसपास सरकते. गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम आणि तापमानाचा व्यस्तांक यांची रेषा सरळ आली, तरीही तिच्या उतारावरून निघणारे ऊर्जा-अंतर वर्णपटातून थेट काढलेल्या अंतराशी जुळेपर्यंत मी ते कॅलिब्रेशन वापरात घेतले नाही.