ॲव्हरेज विचारण्याआधी वर्षाचे किलोमीटर मोजा

गाडी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ शोरूमवाला पत्रकातला आकडा सांगतो: चोवीस, पंचवीस, सीएनजी असेल तर तेहतीस-चौतीस. त्या आकड्यावर घरात निर्णय होतो. पण यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या खेड्यातल्या कुटुंबासाठी त्याहून मोठा आकडा दुसराच आहे. गाडी वर्षाला चालणार किती? तो आकडा लहान असेल तर जास्त ॲव्हरेजसाठी वर मोजलेले लाख-दीड लाख परत यायला इतकी वर्षं लागतात की तोवर गाडी विकायला निघते.

हा आकडा अंदाजाने सांगू नका, कागदावर मांडा. समजा तालुक्याचं गाव १५ किलोमीटरवर आहे आणि आठवड्यात तीन खेपा होतात, तर वर्षाचे झाले ४,६८०. जिल्ह्याला महिन्यातून दोनदा, एका बाजूने ६० किलोमीटर, म्हणजे २,८८०. दवाखान्यासाठी सावंगी-सेवाग्राम किंवा कामासाठी नागपूर, येऊन-जाऊन ३०० च्या चार फेऱ्या, १,२००. लग्नसराईचे हजार धरा. बेरीज येते ९,७६०. शेती आणि नोकरी गावाच्या आसपासच असेल तर गाडी दहा हजारांच्या वर क्वचितच जाते. रोज वावरात जायला मोटारसायकल असतेच, म्हणून ते किलोमीटर यात घालू नका. पुढचे सगळे हिशेब मी वर्षाला १०,००० किलोमीटर धरून केले आहेत. दरही धरलेलेच आहेत: पेट्रोल १०५, डिझेल ९२, सीएनजी ९०. तुमच्या पंपावरचा दर टाका आणि पुन्हा भागाकार करा.

आता ॲव्हरेज. पत्रकातला आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर उभी करून ठरावीक वेगाच्या आराखड्यावर चालवतात. त्यात वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, समोर ना बैलबंडी येते ना खड्डा. आपल्या रस्त्यावर, एसी लावून, चार माणसं बसवून त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. चोवीस छापलेली पेट्रोल गाडी अठरा-एकोणीस देते, ते योग्यच आहे. तिच्यात बिघाड नाही. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हीकडे पत्रकाचे आकडे घ्या किंवा दोन्हीकडे खरे घ्या. एकीचं पत्रक आणि दुसरीचा शेजाऱ्याने सांगितलेला आकडा अशी सरमिसळ करू नका.

खरा आकडा काढायची रीत एकच आहे. पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा आणि तिथेच थांबा, ‘अजून थोडं’ म्हणून वरून घालू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान ३०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा आपोआप बंद पडेपर्यंत भरा. ट्रिपवरचे किलोमीटर दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर भरवसा ठेवू नका, सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या. गाडी थोडी कलती उभी असली तरी टाकीत लिटर-दीड लिटरचा फरक पडतो, आणि २० लिटरच्या हिशेबात तो मोठा आहे. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडं चढंच असतं. मापाबद्दल शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून तपासून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ॲव्हरेजमधला फरक सरळ पैशात उतरत नाही. हजार किलोमीटरसाठी १२ देणारी गाडी ८३ लिटर पिते, १५ देणारी ६७. तीनचा फरक, १६ लिटर वाचले. आता २० आणि २५ घ्या: ५० लिटर आणि ४० लिटर. फरक पाचचा, पण वाचले दहाच. म्हणजे २० देणाऱ्या लहान गाडीवरून २५ वर जाण्यासाठी पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. उलट १२ देणारी जड गाडी टाळून १५-१६ वाली घेतली तर खिशाला खरोखर जाणवतं. म्हणून ॲव्हरेज सोडा आणि रुपये प्रति किलोमीटर काढा: दर भागिले ॲव्हरेज. १०५ ला १८ ने भागलं की ५ रुपये ८३ पैसे. सगळी तुलना याच आकड्यावर करा.

डिझेलचं बघू. गावाकडे अजूनही ‘डिझेलच परवडते’ हे ठाम मत आहे. ते ज्या काळात पक्कं झालं तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या दरात मोठी तफावत होती. आता ती तेरा-चौदा रुपयांवर आली आहे आणि लहान गाड्यांत डिझेल जवळपास उरलेलंच नाही. मारुतीने तर एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराचे कडक निकष) आल्यावर डिझेल बंदच केलं. जी उरली ती उंच, जड गाड्यांत. तशी गाडी पेट्रोलमध्ये १४ आणि डिझेलमध्ये १९ देते असं धरा. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसात रुपये, डिझेलचा ४ रुपये ८४ पैसे. दहा हजार किलोमीटरला वाचले २६,६००. डिझेलसाठी वर मोजायची किंमत रस्त्यावर येईपर्यंत १ लाख ४० हजार धरू, कारण दहा लाखांच्या आतल्या गाडीला राज्यात पेट्रोलवर रस्ता कर ११ टक्के आहे आणि डिझेलवर १३. रोखीने घेतलं तर ती वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात. पाच वर्षांच्या कर्जावर, १० टक्के व्याजाने, तेच १ लाख ४० हजार फेडीपर्यंत १ लाख ७८ हजार होतात, आणि वसुलीला साडेसहा वर्षांच्या वर लागतात.

पण माझ्या मते डिझेलची खरी अडचण हिशेबाच्या बाहेर आहे, ती आहे डीपीएफ. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्त उष्णता करून काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पुरतं तापलेलं हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात चालायला हवी. गाव ते तालुका १२ किलोमीटर, त्यात तीन रपटे, दोन गावं आणि शेवटी बाजाराची गर्दी, अशा वाटेवर ते जाळणं दर वेळी अर्धवट राहतं. आधी दिवा लागतो, मग गाडीची ताकद कमी होते, मग वर्कशॉप. काही वेळा जळायचं राहिलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. डिझेल घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवा, आणि दिवा लागल्यावर घरी येऊन लगेच इंजिन बंद करू नका. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते ही भीती मात्र आपल्याला लागू नाही. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे.

सीएनजीचा हिशेब कागदावर सगळ्यात देखणा दिसतो. लहान गाडी प्रत्यक्षात किलोला २६ देते असं धरा, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ४६ पैसे. पेट्रोलपेक्षा २ रुपये ३७ पैसे कमी. वर्षाला २३,७०० वाचतात, सीएनजीसाठी वर मोजलेले ९० हजार धरले तर ते चार वर्षांच्या आत वसूल होतात. ज्याचा गॅसपंप रोजच्या वाटेवर आहे आणि गाडी वीस हजार चालते, त्याने दुसरा विचारही करू नये, दोन वर्षांत पैसे सुटतात.

पण पंप ३० किलोमीटरवर असेल तर? साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये भरताना साधारण आठ किलो गॅस बसतो. आठ किलोत गाडी २०८ किलोमीटर चालते. त्यातले ६० केवळ गॅस भरायच्या येण्या-जाण्यात गेले, कामाचे उरले १४८. म्हणजे खरं ॲव्हरेज २६ नाही, साडेअठरा. किलोमीटरचा खर्च ४ रुपये ८६ पैसे आणि बचत रुपयाच्या आत. ९० हजार वसूल व्हायला नऊ वर्षं. वर वर्षाला सदुसष्ट-अडुसष्ट वेळा तो फेरा मारायचा आणि रांगेत उभं राहायचं. पाईपलाईन नसलेल्या भागात गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून पंपावर येतो. तो संपत आला की प्रेशर उतरतं आणि आठऐवजी पाच-सहा किलोच भरला जातो, मग हिशेब आणखी बिघडतो. दराचंही तसंच. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता. तसा दर पुन्हा झाला तर हा फेरा मारणाऱ्याला किलोमीटरमागे साडेसहा रुपये पडतील, पेट्रोलपेक्षा महाग. म्हणून बुकिंगच्या आधी त्या पंपावर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाऊन उभे राहा. रांगेतल्या रिक्षावाल्यांना विचारा की प्रेशर कधी असतं आणि गॅस किती वेळा संपतो. त्यांच्याइतकं हे कोणालाच माहीत नसतं.

गाडी सीएनजीची असली तरी टाकीत पाव भाग पेट्रोल कायम ठेवा. बहुतेक गाड्यांत इंजिन पेट्रोलवर सुरू होतं, आणि कोरड्या टाकीत पेट्रोलचा पंप जळतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, तारीख पट्टीवर कोरलेली असते. डिकी जवळजवळ जाते. काही कंपन्या आता दोन लहान सिलिंडर खाली बसवून जागा वाचवतात, बी-बियाण्याचं पोतं न्यायचं असेल तर तीच बघा. चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना ताकद कमी पडते, तिथे पेट्रोलवर टाकायची. आणि घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणं गुन्हा तर आहेच, जिवावरचा खेळही आहे.

विजेवरची गाडी दहा हजार किलोमीटरवालाही विचारात घेऊ शकतो, पण एका अटीवर: घरची वीज धड हवी. लहान गाडी युनिटला सात किलोमीटर धरली तर महिन्याला सुमारे १२० युनिट वाढतात. वीजबिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. घरचा वापर १५० असेल तर २७० होऊन तुम्ही त्याच टप्प्यात राहता, २५० असेल तर वरच्या टप्प्यात जाता आणि वरची युनिटं महाग पडतात. युनिटला १२ रुपये धरले तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आतच. वर्षाला ४० हजारांवर बचत होते. पेच वेगळाच आहे. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, आणि खेड्यातल्या जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं. खड्डा करून, पट्टी गाडून नवं अर्थिंग केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. रात्री व्होल्टेज फार पडलं की चार्जर बंद पडतो आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली मिळते. साध्या १५ ॲम्पियरच्या प्लगवर २४ युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे सलग तेवढी वीज हवी. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका, ती जोडणी शेतीच्या दराची आहे. आणि नागपूरची ३०० किलोमीटरची फेरी अशा लहान बॅटरीत एका दमात होत नाही.

जुनी चालती गाडी केवळ ॲव्हरेजसाठी बदलायची का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. १४ देणारी गाडी काढून १८ वाली घेतली तर दहा हजार किलोमीटरला १५९ लिटर वाचतात, म्हणजे १६,७०० रुपये. नवीसाठी चार लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ३७ हजार जातं. गाडी खर्चात पडत असेल, ब्रेक-सस्पेन्शनने दम सोडला असेल, तर बदला. तेव्हा कारण पेट्रोल नसतं.

जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज अलीकडे उतरलं असेल तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट दिली आहे. अठराचे सतरा होणं त्यात बसतं. सोळाच्याही खाली गेलं तर मात्र आधी हवा बघा. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा. मे महिन्यात दुपारी तपासली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसते. ती काढू नका, रात्री ती आपोआप बसते. त्यानंतर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. ब्रेक धरून राहिला असेल तर चाक जड फिरतं, आणि पांदणीतल्या काळ्या चिखलातून रोज जाणाऱ्या गाडीत हा दोष नेहमी सापडतो. एअर फिल्टर धुळीने भरला की ओढ कमी होते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ॲव्हरेज मात्र त्याने फारसं उतरत नाही. तरीही कापूस-सोयाबीनच्या हंगामात तो पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर बदला, कारण प्रश्न इंजिनाच्या आयुष्याचा आहे.

समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ८० वरून १२० वर गेलं की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, आणि उंच, चौकोनी गाडीचं ॲव्हरेज चौथ्या हिश्श्याने सहज उतरतं. टेस्ट ड्राइव्हला मात्र तो रस्ता घेऊ नका. शोरूमवाल्याला सांगून गाडी आपल्या गावच्या वाटेवर न्या. चार माणसं बसवा, एसी लावा, ट्रिप मीटर शून्य करा. खड्ड्यात पोट घासतं का तेही बघा, आणि परत आल्यावर डॅशबोर्डवरच्या आकड्यातून थोडा वजा करून तो या हिशेबात टाका.