नादारीचा अर्ज करायचा तर वकिलाला पैसे कुठून द्यायचे?

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या मारुती चौकात शिरलं आणि गणपती-दिवाळीसाठी उधारीवर भरलेलं कापड भिजून गेलं. सावरतोय तोवर लॉकडाऊन लागला, २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. शेवटी दुकान मोडलं आणि मी मिरजेत पगारावर लागलो. पतसंस्था, बँक आणि व्यापारी मिळून ९ लाखांच्या वर देणं उरलं होतं. ते फिटणार नव्हतं, म्हणून कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायला वकील शोधू लागलो.

पहिल्या वकिलांनी कागद न बघताच ४०,००० आधी मागितले. दुसरे म्हणाले, "जेवढं कर्ज सुटेल त्याचे दहा टक्के द्या." मला ते सोयीचं वाटलं. नंतर कळलं, निकालावर टक्का ठरवायला वकिलांना नियमानेच मनाई आहे.

विजयनगरला कोर्टाजवळ बसणाऱ्या तिसऱ्या वकील मॅडमनी पैशांचं नावच काढलं नाही. "आधी यादी करा. कोणाचं किती, कधीपासून, पत्ता काय. तुमच्याकडे काय आहे तेही, शिलाई मशीनसुद्धा. काही लपवाल तर तुम्हीच अडकाल." पुरात भिजलेल्या वहीतले फुटलेले आकडे लावत बायको आणि मी आठ रात्री बसलो.

यादी वाचून त्यांनी आधी काय होणार नाही ते सांगितलं. आपल्याकडे साध्या माणसाला अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. चेक न वटल्याची केस त्याने थांबत नाही. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटच नाही, हेही त्यांनीच सांगितलं. माझा पगार २६,०००, म्हणजे वर्षाला १२,००० जास्त. मग २४,००० फी चार हप्त्यांत ठरली, स्टॅम्प आणि नोटिशीचा खर्च वेगळा, प्रत्येक वेळी पावती. स्वतःची फी बुडेल असा रस्ता आधी दाखवणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला.

माझा जीव अडकला होता तो मामात. पतसंस्थेच्या कर्जाला मामा जामीनदार. दुकानाचे रॅक विकून आलेले ३५,००० मी तिथे भरणार होतो. मॅडमनी थांबवलं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत, ज्यांचं देणं आहे त्यांतल्या एकालाच झुकतं माप दिलं तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. आणि मी सुटलो तरी जामीनदार सुटत नाही.

हे मामाला सांगायला मी कवठेमहांकाळला गेलो. मामीने चहा ठेवला, तो तसाच गार झाला. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सही मी डोळे उघडे ठेवूनच केली होती. पतसंस्थेत मी बोलतो, हप्ते पाडून घेतो. तू कोर्टात खोटं लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी रॅकचे ३५,००० यादीत चढवले, पगारातले ६,००० मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि वकीलपत्रावर सही केली.