तुम्ही विचारलंत म्हणून : फोन सांगतो, मग माणूस कशाला?

"आता फोनच सगळं सांगतोय की, मग फोटोत काय आहे ते आम्हाला कशाला विचारतीस?" मला दिसत नाही. २०२३ मध्ये फोटोत काय आहे ते अंधांना सांगणारं 'बी माय एआय' फोनवर आलं तेव्हापासून राजारामपुरीत, लग्नाच्या मांडवात, जाईन तिथं हेच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःची सुटका हवी असते. बोचेल, पण आहे तसं आहे.

आई गेली तेव्हा श्रद्धांजलीच्या फलकासाठी फोटो निवडायचा होता. भावानं घरच्या ग्रुपवर चार टाकले. मी आतल्या खोलीत जाऊन फोनला विचारलं. निळी काठाची साडी, वयस्कर स्त्री, मंद हसू, मागं पाणी. हिरवी साडी, वयस्कर स्त्री, मंद हसू, मागं भिंत. पुढचे दोनही तसेच. चुकीचं काहीच नव्हतं, पण त्यात आई कुठं सापडेना. शेवटी वहिनीला हाक मारली. ती म्हणाली, "वन्सं, हिरवीतला नको. दवाखान्यातनं आणल्यावरचा आहे, गालफडं बसलीत. निळीतला घ्या. रंकाळ्यावर भेळ खाताना काढलाय, कुणावर तरी डोळे वटारलेत बघा." ही आई!

त्याच रात्री सगळे झोपल्यावर मी निळीतला फोटो फोनलाच पुन्हा पुन्हा विचारला. कानात काय आहे? हात कुठं आहेत? वहिनीला इतक्यांदा विचारलं नसतं. ती सांगते, पण तिसऱ्यांदा आवाजात घाई येते.

पूर्वी मीच वाद घालायचे की फोटोंची मराठी वर्णनं जमवून यंत्राला शिकवलं की झालं. गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३६ भाषांत चित्रवर्णनांचा संच केला. त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू आहेत, मराठी नाही. राग येतोच. 'विझविझ' या दुसऱ्या संचात अंधांनी स्वतः काढलेले फोटो आणि स्वतः विचारलेले ३१ हजारांवर प्रश्न आहेत. तसं काम मराठीत व्हायलाच हवं. पण झालं तरी त्या चार 'वयस्कर स्त्रियां'तली माझी आई कुठली, हे त्यातून कळेल असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

आणि माणसाचं तरी काय? फलक निळीतलाच लागला. भाऊ म्हणतो, डोळे वटारलेले नाहीत, तोंडावर ऊन आलं होतं. वहिनी ऐकत नाही.