भात्यामागे मिररलेस: तिसरी नोंद

जुन्या व्ह्यू कॅमेऱ्याच्या (पुढे लेन्सची चौकट, मागे चित्राची, मध्ये घडीचा भाता) मागे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, लावायची माझी खटपट चालू आहे. मागच्या नोंदीत दोन दुखणी शिल्लक होती. चित्राच्या खालच्या भागात येणारी पांढुरकी झाक आणि टिल्टच्या, म्हणजे लेन्स झुकवण्याच्या, शून्यावरची खाच. झाक गेली. खाचेने मात्र बराच वेळ खाल्ला, आणि नवे व्ह्यू कॅमेरे एवढे छोटे, एवढ्या बारीक दात्यांचे (गिअरवर हलणारे) का निघतात ते तिच्यामुळे समजलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जोडणी अशी: जुना 4×5 इंच फिल्मचा मोनोरेल (एका दांडीवर चौकटी सरकणारा व्ह्यू कॅमेरा), चित्र बघायच्या घासलेल्या काचेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर 36 मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (36×24 मि.मी. सेन्सरचा) मिररलेस. पुढे 80 मि.मी.ची एन्लार्जर लेन्स (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायच्या यंत्राची), 39 मि.मी. आट्यांची. लेन्सला शटर नाही, ते काम कॅमेऱ्याचं.

हेच डीएसएलआर (आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) लावून आधी का केलं नाही, असं एकाने विचारलं होतं. जागा नव्हती म्हणून. अनंतावर फोकस करायचा तर ही लेन्स सेन्सरपासून साधारण 80 मि.मी.वर यावी लागते. लेन्स अडकवायच्या कड्यापासून (माउंट) सेन्सरपर्यंतचे निकॉन एफ माउंटमध्ये 46.5 आणि कॅनन ईएफमध्ये 44 मि.मी. आरशाच्या पेटीतच जातात. उरलेल्या पस्तीसेक मिलिमीटरमध्ये दोन चौकटी, भाता आणि अ‍ॅडॉप्टर कोंबून वर लेन्स झुकवायची म्हणजे अवघडच. आरसा गेला आणि हे अंतर सोनी ई माउंटवर 18, निकॉन झेडवर 16, कॅनन आरएफवर 20 मि.मी.वर आलं. मेगापिक्सेलचं कौतुक सगळे करतात, पण भातेवाल्यांना खरी भेट मिळाली ती या पंचवीस-तीस मिलिमीटरची. दुसरी भेट कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून दिसणाऱ्या लाइव्ह व्ह्यूची. काळ्या कापडाखाली उलटं, अंधुक चित्र भिंगातून न्याहाळायची हौस मलाही होती. मान दुखायला लागल्यावर ती कमी झाली.

आता झाकेबद्दल. मी सगळा दोष भात्याला देऊन मोकळा झालो होतो. खोली अंधारी करून आत टॉर्च लावला, कोपऱ्यात दोन टाचणीएवढी भोकं सापडली, बुजवली. झाक तशीच. शेवटी पुढची काच सोडून लेन्सच्या अंगावर कापड टाकून बघितलं तर झाक गायब! या एन्लार्जर लेन्समध्ये डार्करूमच्या अंधारात छिद्राचे आकडे वाचता यावेत म्हणून एक छोटी खिडकी असते. एन्लार्जरचा दिवा मागून तिला उजळतो. आपण लेन्स उघड्यावर वापरतो तेव्हा तीच खिडकी उलट्या दिशेने उजेड आत सोडते. काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावला, संपलं. तुमच्या लेन्सला अशी खिडकी असेल तर पहिल्या दिवशीच झाका.

भाता मात्र अगदीच निर्दोष नाही. लोहाराच्या भात्यासारखाच तो वारा मारतो, आणि समोर उघडा सेन्सर बसलेला असतो. जुन्या कापडाचे काळे कण मी दोनदा पुसले. आतून व्हॅक्यूम फिरवल्यावर जरा बरं आहे.

आता खाच. लेन्स किती झुकवायची याचा साधा हिशेब आहे: फोकल लांबीला लेन्सपासून बिजागरीच्या रेषेपर्यंतच्या (जिच्याभोवती फोकसचं प्रतल फिरतं ती रेषा) अंतराने भागा, तो कोनाचा साइन. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर आणि जमीनच फोकसमध्ये हवी, तर 4×5 वरच्या नेहमीच्या 150 मि.मी. लेन्सला 5.7 अंश लागतात. माझ्या 80 ला 3 अंश, आणि 50 मि.मी. लावली तर 2 अंशही नाहीत. जुन्या कॅमेऱ्यात शून्यावर एक गोळी खटकन बसते. फिल्मवाल्यांची ती सोय. मी एक-दीड अंशावर थांबायला गेलो की चौकट स्वतःहून शून्यावर जाऊन बसते.

लेन्स आणि सेन्सरच्या समांतरपणाचं गणित याहून निर्दय. चौकट पाव अंशाने चुकली तर 36 मि.मी. रुंदीत दोन टोकांवर फोकस प्रत्येकी 0.08 मि.मी. सरकतो. 5 मायक्रॉनचं वर्तुळ (ठिपका एवढाच पसरला तर तो स्पष्टच मानायचा) आणि छिद्र एफ/8 धरलं तर सवलत आहे फक्त 0.04 मि.मी.ची. फिल्मवर 0.1 मि.मी.चं वर्तुळ आणि एफ/22 धरला की तीच सवलत 2.2 मि.मी. होते, म्हणजे पन्नासपटीहून जास्त. ज्या ढिलाईला फिल्म हसून माफ करत होती, ती सेन्सरवर लगेच दिसते.

2014 मध्ये कॅम्बो कंपनीचा व्ह्यू कॅमेरा अ‍ॅक्टस आला तो हाच प्रश्न ओळखून. छोटी चौकट, दात्यांवर फिरणाऱ्या हालचाली, मागे आपलाच मिररलेस. फुजीने जीएफएक्ससाठी (त्यांचे मोठ्या सेन्सरचे मिररलेस) 4×5 च्या मागे बसणारा अ‍ॅडॉप्टर काढला, आणि 2023 मध्ये 30 व 110 मि.मी.च्या टिल्ट-शिफ्ट (झुकवता-सरकवता येणाऱ्या) लेन्स आणून तेच गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूनेही धरलं. व्ह्यू कॅमेऱ्याचा निम्मा भाग आता गिऱ्हाइकाच्या बॅगेत आधीच असतो. कंपनीने विकायचा तो रेल, दाते आणि भाता. डिजिटल बॅकशिवाय (फिल्मच्या जागी बसणारा स्वतंत्र सेन्सर) पर्याय नव्हता ते दिवस गेले, असं माझं मत. इमारतींच्या रुंद फोटोंसाठी मात्र 17 किंवा 24 मि.मी.ची टिल्ट-शिफ्टच घ्या. तेवढी आखूड लेन्स भात्यातून सेन्सरजवळ नेणं हा माझ्यासारख्याचा खेळ नाही.

फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जुळवून एक चित्र) असताना टिल्ट कशाला, हा वाद दर वेळी निघतो. वारा असेल आणि गवत हलत असेल तर वीस फ्रेम जुळवून दाखवा, मग बोलू.

जोडून केलेल्या चित्रांचं काम छान चाललंय. लेन्स हलवायची नाही, फक्त मागची चौकट 15 मि.मी. डावीकडे, मग मध्ये, मग 15 उजवीकडे. कॅमेरा उभा धरला की तीन फ्रेममधून 54×36 मि.मी.चं चित्र मिळतं, जीएफएक्सच्या 43.8×32.9 च्या सेन्सरपेक्षा मोठं. कर्ण 65 मि.मी. होतो, आणि ही लेन्स 6×6 सें.मी.च्या निगेटिव्हसाठी बनलेली असल्याने कोपरे काळे पडत नाहीत. पॅरलॅक्स (जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकींपासून सरकणं) शून्य, जोड आपोआप बसतो.

काल खाचेचा स्क्रू उघडला, गोळी काढायला. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. आता टिल्ट दीड अंशावरही थांबतो, म्हणून मी ती शोधायला गेलोच नाही.