आदेशार्थ सादर

परिपत्रक माझ्या टेबलावर आलं तेव्हा नामनिर्देशनाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. विषय: आंतरराष्ट्रीय घडामोडी, रणनीती आणि नेतृत्व. फेब्रुवारी 2024 मधले दोन आठवडे, मुंबईतच. मंत्रालयात प्रशिक्षणाला कोणाला धाडायचं याचा अलिखित नियम आहे: ज्याच्यावाचून अडत नाही त्याला. मी अवर सचिव, शेतमालाच्या पणनाचं टेबल, त्यात अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर. साहेब म्हणाले, "परराष्ट्र धोरण दिल्लीवाले बघतील हो. तुम्ही तारांकित प्रश्नांची उत्तरं बघा." तरी मी टिपणी वर पाठवली. शेरा आला, 'चर्चा करावी'. चर्चेला वेळ कुठला! शेवटी संध्याकाळी त्यांना लिफ्टपाशी गाठलं आणि उत्तरं रात्री बसून देते, या बोलीवर सही मिळवली.

आधी आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवरचे काही अभ्यासक्रम पुरे करायचे होते. ते डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या उरकले. त्यातलं किती डोक्यात शिरलं, विचारू नका.

पहिल्या आठवड्यातली निम्मी व्याख्यानं म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणं. एक मात्र लक्षात राहिलं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्रसूचीतली 14वी नोंद परदेशांशी होणाऱ्या करारांची आणि राज्यसूचीतली 14वी शेतीची. करार दिल्लीनं करायचे आणि त्यांचे चटके नाशिकनं सोसायचे, असं मी वहीत लिहून ठेवलं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडली, तेव्हा मी सहायक होते. त्या फायलीच्या पानांवर क्रमांक मीच घातले होते. ती परराष्ट्र व्यवहाराची फाईल होती हे कळायला मला 14 वर्षं लागली.

मग न्हावा शेवाची भेट. महिन्यापूर्वीच सुरू झालेल्या अटल सेतूवरून बस गेली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढून घेतले, मीही. बंदरात रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरांची रांग होती. प्रत्येकाची जाडजूड वायर प्लगमध्ये खोचलेली, बाजूच्या छोट्या पट्टीवर तापमानाचे आकडे. इतकी वर्षं विवरणपत्रांत 'द्राक्ष निर्यात, मेट्रिक टन' लिहीत आले; ते टन घुं घुं आवाज करतात हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सराव होता. प्रसंग बनवायची गरजच नव्हती. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधले हूती बंडखोर लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते. जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालत होती. युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला पोचायला दहा ते चौदा दिवस जास्त, भाडं कडाडलेलं, आणि द्राक्षं ऐन हंगामात. राज्यानं काय करावं? वीस मिनिटं. गटात एक पोलीस अधिकारी, एक पालिकेचे अभियंता आणि मी. लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पार्श्वभूमी, वस्तुस्थिती, तीन पर्याय, खाली सवयीनं 'आदेशार्थ सादर'.

समोर एक निवृत्त राजदूत बसले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "मॅडम, आदेश देणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय आणि तुम्हालाच विचारतोय. तुमचं मत काय?"

खरं सांगते, घसा कोरडा पडला. वीस वर्षं मी पर्याय मांडत आले. निवडले कधीच नव्हते. म्हटलं, "थोडा माल आखातात वळवावा. दुबईला लाल समुद्र लागत नाही."

"सगळ्यांनी दुबई गाठली तर भाव काय राहील?"

"पडेल."

"मग थोडा म्हणजे किती?"

उत्तर नव्हतं. पोलीस साहेबांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांचं बंदोबस्तातलं तर्कशास्त्र द्राक्षांना लागू पडेना. त्या रात्री उत्तरं लिहायची सोडून मी दोन निर्यातदारांना फोन लावले. आधी विचारलं असतं तर माझ्या कागदाला काही अर्थ आला असता. कोणत्या बागेचा माल वाढीव दिवस सोसेल आणि कोणता नाही, हे ते तोंडपाठ सांगत होते.

परत आले तर टेबलावर फायलींचा ढीग. त्यात वाढलेल्या भाड्याबद्दल निर्यातदारांचं निवेदन होतं. टिपणीत तिन्ही पर्याय मांडले आणि त्याखाली लिहिलं, 'माझ्या मते पर्याय दोन, पुढील कारणांसाठी'. शिपाई फाईल न्यायला आला तेव्हा मी ती एकदा परत मागून घेतली, वाचली आणि तशीच दिली.

दोन दिवसांनी शेरा आला, 'चर्चा करावी'. खाली वेळ लिहिली होती, साडेचार.