कच्चा रंग

पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर हळदीचा डाग पडला, तेव्हा मी घाईघाईने साबण लावून खसाखसा चोळला. पिवळ्याचा लालभडक झाला! संपला सदरा, असं वाटलं. खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा. साबणातल्या अल्कलीने हळदीतलं करक्युमिन लाल होतं आणि ती धुऊन गेली की मूळ पदावर येतं, हे नंतर कळलं. वैतागून सदरा उन्हात टाकला, तर संध्याकाळपर्यंत डाग जवळजवळ गायब. साबणाला दाद न देणारा रंग उन्हापुढे नांगी टाकून मोकळा.

अशा रंगाला आपण ‘कच्चा’ म्हणतो, आणि म्हणताना जरा नाक मुरडतोच.

जांभळा कोबी तर उघड रंगबदलू. तो उकळलेल्या पाण्यात लिंबू पिळा, गुलाबी. चिमूटभर खायचा सोडा टाका, निळं-हिरवं. हा खेळ अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग असाच पालटतो, हे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांनी १६६४ मध्ये लिहून ठेवलं आणि आम्ल-अल्कली ओळखायला तो पाक कामी आला. बीट मात्र या घराण्यातलं नाही. दिसायला सख्खं भावंड, पण त्याचं रंगद्रव्य, बीटानिन, वेगळ्याच कुळातलं. ही दोन कुळं एका झाडात सहसा नांदत नाहीत. (बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात दचकणारे काही लोक असतात. मी त्यांच्यातला.)

हिरव्याचं दुखणं निराळं. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. भाजी फार शिजली, वर आंबट पडलं, की तो जागा सोडतो आणि भाजी शेवाळी दिसू लागते.

कारखान्यांना ही नखरेल मंडळी कशी परवडणार? १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं औषध क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. तिथून कृत्रिम रंगांची रांग लागली, कापडावरून ती खाण्यातही शिरली. आता पाकिटांवर पुन्हा ‘नैसर्गिक रंग’ मिरवतो, शेजारी ‘अँटिऑक्सिडंट’.

मला हे दोन वेगळे गुण वाटायचे. पण या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. तिच्यातले इलेक्ट्रॉन सैलसर, म्हणून ते दिसणारा प्रकाश शोषतात आणि आपल्याला रंग दिसतो. तेच सैलपण अंगावर धावून येणाऱ्या एखाद्या आततायी रेणूला इलेक्ट्रॉन देऊन शांत करायलाही उपयोगी पडतं; अँटिऑक्सिडंटचं काम ते हेच. या देण्याघेण्यात साखळी मोडली की रंग गेला. म्हणजे विटलेला रंग पुष्कळदा कामावर खर्ची पडलेला असतो, आणि आपण त्याला कच्चा म्हणून मोकळे!

एवढ्यावरून गोळ्या गिळायला मात्र धावू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्तच आढळला. गाजराने असला दावा कधी केला नव्हता.

तो सदरा मी अजून वापरतो. खिशाच्या शिवणीत एक पिवळी रेघ राहिली आहे. तिथे ऊन पोचत नाही.